झाडांना सांगायचं राहिलं

२० जानेवारी

या वसंतात आमच्या बागेत पहिली कुदळ कोण मारणार? सकाळपासून हाच प्रश्न घेऊन बसले आहे आणि मला उत्तर येत नाही. मूळकूज विचारा, आम्लधर्मी माती विचारा, मी पानंच्या पानं लिहीन. हे मात्र कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

तेतचा सण झाला, नवं वर्ष लागलं, की चांगला दिवस बघून घरचा मालक बागेत पहिला घाव घालतो. त्याआधी कोणी माती उकरायची नाही. आमच्याकडे हे बाबा करायचे. धुतलेला सदरा घालून, कुदळीच्या पात्यावर तांदळाच्या दारूचे दोन थेंब शिंपडून. घाव घातला की मागे वळून मला डोळा मारायचे, जणू सगळी पृथ्वी आम्हा दोघांनाच विचारून जागी होते.

बाबा लाओसमध्ये बांधकामावर होते. पावसाळ्याच्या शेवटी तिकडे पूर आला आणि त्यांची मजुरांची वस्ती वाहून गेली. खाम काकांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा माझी शेवटची परीक्षा चालू होती. काका बाबांचे धाकटे भाऊ, ट्रक घेऊन नेहमी सीमेपलीकडे जातात. शोध त्यांनीच घेतला. त्यांचं म्हणणं, देह मिळालेला नाही, तेव्हा काही ठरवायचं नाही, थांबायचं.

आम्ही थांबलो आहोत. पण वाफे थांबत नाहीत. तेतनंतरची भुरभुर सुरू झाली की पंधरवड्यात सगळं जमिनीत गेलं पाहिजे.

२२ जानेवारी

बागेचा नकाशा काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. गादीवाफे पूर्व-पश्चिम, दोडक्याचा मांडव विहिरीकडे, मोहरीची भाजी आणि कोथिंबीर घराजवळ, तलावाच्या काठाला नाळीची भाजी. दक्षिणेच्या कुंपणाला पोफळींची रांग आणि त्यांच्यावर चढलेली आमची नागवेल. तिला हात लावायचा नाही, फक्त मुळाशी साचणारं पाणी काढायला एक चर हवा. माझ्या मनात आहे की ही बाग अशी करायची की गावातल्या बायकांनी येऊन बघावी. विषारी फवारणी न करताही घर चालतं हे मला दाखवायचं आहे.

आईने नकाशा बराच वेळ पाहिला. म्हणाली, "कागदावर छान उगवलीये." दुपारी बघते तर त्याच खिळ्याला तिने लसणीची जुडी टांगली होती. अर्धी बाग झाकली गेली.

कुदळ मागितली तर म्हणाली, माळ्यावर आहे, तिथेच राहू दे. "ज्याची बाग त्याने खणावी."

२४ जानेवारी

खाम काका आले. जाताना बाबांचा जाड कोट मागितला. तिकडे डोंगरात थंडी फार आहे, एका गरजू माणसाला देतो म्हणाले. मला भरून आलं. बाबांना हेच आवडलं असतं. मी हातमोजेही काढून देणार होते, पण आईने माझ्या हातातून घेऊन ते परत फडताळात टाकले. कोट मात्र तिने दिला. आतल्या खोलीत जाऊन, थोडा वेळ लावून, घडी घालून आणला.

संध्याकाळी सुपाऱ्या वाळत घालायला टोपली घेतली तर तळाशी कोटाची सगळी बटणं. दोऱ्यासकट कापलेली.

माझी आई रडत नाही, तिची आठवण अशी असते. मी टोपली होती तशी ठेवून दिली.

२७ जानेवारी

थंडीने वेलीची वरची पानं पिवळी पडली आहेत. फार काही नाही, दरवर्षी होतं.

शेजारच्या न्हू आजी पानं घ्यायला आल्या. पान खाऊन काळे झालेले त्यांचे दात, आणि जीभ त्याहून तेज. पिवळं पान बोटात धरून म्हणाल्या, "मालक गेला की झाडांना सांगावं लागतं, पोरी. पोफळीला, वेलीला पांढरी पट्टी बांधतात, तीही सुतक पाळतात. नाही सांगितलं तर झुरून वाळतात." मग आईकडे बघून, "तुमच्या झाडांना कोणी सांगितलं का?"

आई पानं मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, आजी."

"हो, तेही खरंच. मालकाचं लक्ष दुसऱ्या बागेत गेलं तरी वेल वाळते म्हणतात."

आई हसली. पूर आल्यापासून तिला हसताना मी प्रथमच पाहिलं. पण बघवलं नाही.

आजींचं म्हणणं शास्त्रात बसत नाही, पण दुर्लक्षाने झाडं मरतात हे तर खरंच आहे. बाबा वर्षातला बराच काळ कामावर बाहेर असायचे.

२९ जानेवारी

आज घरात वाद झाला आणि मला अजून कळलेलं नाही की कशावरून.

काका आले, चहा झाला, आणि मग सहज म्हणाले, "वहिनी, नागवेलीचा एक फाटा द्या. तिकडे एका ओळखीच्या घरी मांडव घातलाय. त्यांना हीच वेल हवी आहे."

मला आनंदच झाला. आमची वेल जुनी, आजोबांनी लावलेली, पान तिखट आणि पातळ. ती दुसऱ्या देशात रुजणार. मी फाटा कसा न्यायचा ते सांगू लागले, दोन-तीन पेरांचा घ्यायचा, ओल्या शेवाळात गुंडाळायचा, ट्रकात इंजिनाजवळ ठेवायचा नाही.

आई म्हणाली, "थोआ, गप्प बस."

अशी ती माझ्याशी कधी बोलत नाही. मग काकांना म्हणाली, "कोट नेलात. आता वेल पण?"

काका खाली बघत म्हणाले, "मी काय, निरोप्या."

"मग निरोप परत घेऊन जा. एक पानसुद्धा मिळणार नाही म्हणावं."

काका चहा टाकून गेले. मी आईला म्हटलं की एवढी कंजुषी बरी नाही, वेल वाटल्याने वाढते. ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिली की मी पुढचं वाक्य गिळलं.

२ फेब्रुवारी

आज चुलीचा देव स्वर्गात जातो. घरात वर्षभर काय काय झालं ते वर सांगतो. त्याच्या वाटेसाठी आम्ही तलावात मासे सोडले. मी आईला विचारलं, तो आपल्याबद्दल काय सांगेल?

"त्याला सांगू दे. चुलीपाशी बसून सगळं ऐकलंय त्याने."

मी मनात त्याला विनंती केली की बाबा वर असतील तर आमचा निरोप दे, आणि नसतील तर कुठे आहेत ते बघून ये.

रोपं छान आली आहेत. वांगी, टोमॅटो, दुधी. तूस जाळून राख केली, शेणखत चाळून ठेवलं, मांडवाचे बांबू फोडले. एक माती सोडली तर सगळं तयार आहे.

५ फेब्रुवारी

वेलीचं काहीतरी भयंकर चाललं आहे. थंडीने पिवळी पडणं वेगळं. आता खालून, बुडाजवळून, पानं उकडल्यासारखी होऊन लोंबत आहेत. खोडाची साल बोटाने सुटते. मी सकाळी मुळाशी हात लावला तर माती कोमट होती.

कोमट माती म्हणजे कच्चं खत आत तापतं आहे. पण मी खत घातलेलंच नाही. बहुतेक बाबांनी शेवटच्या खेपेला घातलं असेल आणि ते आत्ता ओलीने पेटलं. वरची माती हलक्या हाताने मोकळी केली, राख आणि चुना टाकला. डुकरांचं खाणं शिजवायची कढई तिथेच पोफळीखाली पालथी पडली होती. आई विसरली असेल. ती हल्ली खूप विसरते.

७ फेब्रुवारी

माती पुन्हा कोमट. मला भीती वाटते आहे. या वेलीच्या पानांवर आम्ही जगतो. लग्नांचे विडे, बाजाराच्या दिवसाची टोपली, माझी पुस्तकंसुद्धा त्यातूनच आली. चर काढला असता तर निदान पाणी निघालं असतं. मी म्हटलं, आई, वर्ष संपायच्या आत चर खणू दे, नाही तर वेल मरेल.

"मरू दे."

"आई, ही आजोबांची वेल आहे."

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि डुकरांना हाका मारत निघून गेली.

दुःखाने माणूस स्वतःच्याच वस्तूंवर उठतो असं मी वाचलं होतं. आता समोर बघते आहे आणि मला काही करता येत नाही.

१० फेब्रुवारी, तेत

नवं वर्ष. काल चिकट भाताचे गोळे पानांत बांधले, आज पूर्वजांपुढे ठेवले. खाम काका दरवर्षी येतात, यंदा आले नाहीत. ट्रक तिकडेच बिघडला म्हणे, सण पलीकडेच करावा लागला.

मी वाडगे मांडत होते. बाबांचा वाडगा काढला आणि हात थांबला. वाट बघणारे ताट मांडतात. गेलेल्यांसाठीही ताट मांडतात. आईने माझ्या हातातून वाडगा घेतला आणि तो कोंबड्यांच्या दाण्यासाठी बाहेर ठेवला. ती दोन्हीपैकी काहीच करत नाही. पूर्वजांच्या फळीवर बाबांचा फोटोही नाही. मी ठेवला होता, तो संध्याकाळपर्यंत कपाटात गेला.

दुपारी तिने मरून रंगाचा मखमली झगा घातला आणि गावात भेटायला निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरात सुतक असेल, तिथल्या माणसाने नव्या वर्षात कोणाचा उंबरठा ओलांडायचा नसतो, त्या घराला वर्षभर बाधतं. मी मागे मागे गेले, लोक काय बोलतात ते ऐकायची मनाची तयारी करून. पण कोणी काही बोललं नाही. प्रत्येक दारात तिला हाताला धरून आत नेलं, आल्याचा पाक दिला, जवळ बसवलं. मी आत गेले की बोलणं थांबायचं. आमचं गाव किती मोठ्या मनाचं आहे हे मी शहरात राहून विसरूनच गेले होते.

१३ फेब्रुवारी

आज गावच्या देवळापाशी माती उघडण्याचा विधी झाला. आता ज्याने त्याने आपापल्या घरी चांगला दिवस बघायचा. सगळीकडे कुदळींचे आवाज येत आहेत. आमची बाग तेवढी मुकी. न्हू आजींच्या परसात चवळी टोकूनसुद्धा झाली.

पहाटेपासून बारीक भुरभुर आहे. हीच ती वेळ. रोपं ट्रेमध्ये उंच होऊन वाकली आहेत. नागवेलीचा एकच फाटा हिरवा राहिला आहे, शेवटच्या पोफळीवरचा.

जेवताना मी बोललेच. म्हटलं, आई, बाबा गेले आहेत हे तू मान्य करत नाहीस, म्हणून ना तुला शांती, ना बागेला मालक. आपण झाडांना सांगू. पट्ट्या बांधू. फोटो ठेवू. मग पहिली कुदळ तू मार, किंवा मी मारते. माझा त्या समजुतीवर विश्वास नाही, पण तुझा असेल. तू मोकळी रडशील तरी.

तिने जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"कोणासाठी रडू?"

"बाबांसाठी."

ती माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढत राहिली, मी लहान असल्यासारखी. मग म्हणाली, "तुझ्याजवळ तुझे बाबा जसे आहेत ना, तसे राहू देत. मी त्यांना हात लावणार नाही. पण मला पांढरं नेसायला सांगू नकोस."

"मग काय करायचं? असंच सगळं मरू द्यायचं?"

"मला काय विचारतेस," ती म्हणाली. "शिकलेली तू."

हा टोमणा होता की परवानगी, ते मला ठरवता येत नाही.

१५ फेब्रुवारी

बाजारात गेले. सुतकाचं जाडंभरडं पांढरं कापड विकणारी बाई आमच्याच खोऱ्यातली निघाली. घरात कोण गेलं, विचारलं. मी म्हटलं, बाबा. लाक त्यांचं नाव, झाडांना बांधायला हवंय.

"लाक? ट्रकवाल्या खामचा भाऊ?"

मी हो म्हटलं. तिच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. "तुझ्या आईने पाठवलं?"

मी खरं सांगितलं की आईला माहीत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे पाहिलं, आणि मी मागितलं त्याच्या दुप्पट कापून दिलं. मी म्हटलं, एवढं नको. ती म्हणाली, "असू दे. तुझ्या आईला लागेल."

कापड टोपलीत भाजीखाली लपवून आणलं. चोरी करून आल्यासारखं वाटलं. माझ्या वडिलांना निरोप द्यायला मला लपावं का लागतं?

उद्या दिवस चांगला आहे. पंचांगात मीच पाहिला, कोणाला विचारलं नाही. आईचं मन मोडून बाग वाचवायची, की आईचं मन राखून बाग घालवायची? दोन्ही चूक आहे. पण रोपं उद्याच्या पलीकडे टिकणार नाहीत.

१६ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

उजाडल्यावर माळ्यावर चढून कुदळ काढली. आई चुलीपाशी होती, डुकरांची कढई उकळत होती. बाहेर भुरभुर, आणि फाटकाजवळच्या पपनसाला मोहर आलेला, त्याचा वास सगळीकडे. कापडाच्या पट्ट्या फाडल्या. एकेका पोफळीला बांधली, छातीच्या उंचीवर, आणि मोठ्याने सांगितलं, "बाबा गेले. आता आम्ही आहोत." पहिल्या झाडाला सांगताना आवाज फाटला. शेवटच्याला सांगेपर्यंत सरळ झाला. वेलीला सगळ्यात शेवटी, त्या एका हिरव्या फाट्याला, सैल गाठ मारून.

मग कुदळीवर दारूचे थेंब शिंपडले आणि वेलीच्या बुडापासून हातभर अंतरावर घाव घातला. मागे वळून बघायची सवय. तिथे आई उभी होती. हातात कढई, कढईतून वाफ येत होती.

तिने झाडांकडे पाहिलं, एकेका पट्टीकडे. मला वाटलं कढई टाकेल, ओरडेल. ती वळली आणि ते पाणी तिकडे लांब, उकिरड्यावर नेऊन ओतलं. घरात गेली ती कात्री घेऊन आली. मी पोफळीसमोर आडवी झाले. म्हटलं, आई, कापू नकोस.

"सरक. कापायला नाही आले."

टोपलीतलं उरलेलं कापड तिने उचललं, एक लांबरुंद पट्टी कापली आणि फाटकाकडे गेली. पपनसाच्या वाटेवर झुकलेल्या फांदीला बांधली, रस्त्याच्या बाजूने, जाणाऱ्या-येणाऱ्याला लांबून दिसेल अशी. गाठ दातांनी ओढून घट्ट केली. परत येऊन माझा चर बघितला.

"सरळ काढ. वाकड्या चराला पाणी हसतं."

मग आम्ही दोघींनी खणलं. ती रडली नाही. पण एकदा वेलीचं सडलेलं मूळ हाताला लागलं तेव्हा तिने ते ओढून न टाकता मातीत परत दाबलं, आणि थोडा वेळ हात तिथेच ठेवला.

दुपारी खाम काका आले. रस्त्यावरूनच पट्टी दिसली असणार, ट्रक चालूच ठेवून धावत आत आले. चेहरा राखेसारखा.

"वहिनी, हे काढा. आधी काढा. अशुभ आहे."

"कोणाला अशुभ, भावोजी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही बांधलं," आई म्हणाली. "लेकीने बांधलं. तिला सांगा ना, का काढायचं ते. तुम्हीच सांगितलं होतं तिला सगळं, फोनवर. आता पुढचंही सांगा."

मी कुदळ धरून उभी होते. मी म्हटलं, काका, तुम्ही थांबा म्हणालात, आम्ही थांबलो. पण बाग थांबत नाही. मी काढणार नाही.

काका माझ्या हातातल्या कुदळीकडे बघत राहिले, बाबांची ती कुदळ त्यांनी ओळखली असावी. शेवटी म्हणाले की परवा पलीकडे जायचंय, निघतो.

"परवा जाताय ना," आई म्हणाली. कपाळावरचा चिखल तिने मनगटाने पुसला. "मग तिकडे सांगा, झाडांना सांगून झालं."

काका फाटकापर्यंत पाठमोरे चालत गेले, पपनसाखालून जाताना मात्र वाकले, पट्टी डोक्याला लागू नये म्हणून.

मी विचारणार होते, तिकडे म्हणजे कोणाला. शब्द जिभेवर आले होते. पण आई चराच्या दुसऱ्या टोकाला उकिडवी बसून साचलेल्या पाण्याला हाताने वाट करून देत होती, आणि पाणी खरंच निघालं होतं, वेलीपासून तलावाकडे, आधी घाबरत, मग आपलं आपण. ती त्याच्याकडे अशी बघत होती की मला काही विचारावंसं वाटलं नाही. आता विचारेन असंही वाटत नाही.

दोडका मांडवाखाली गेला. वांगी गेली, दुधी गेला, चवळी टोकली. पट्ट्या ओल्या होऊन झाडांना चिकटल्या आहेत. आमच्या बागेत या वर्षीची पहिली कुदळ मी मारली.